कलावतीबाईंची साक्ष

“जजसाहेब, मान जरा डावीकडं घ्या. टकलावर लाइट मारतोय तुमच्या.”

कॅमेरामननं खालून सांगितलं. मी मान डावीकडं घेतली. मेकअपवाला ओट्यावर चढून आला आणि त्यानं माझ्या डोक्यावर पावडरचा पफ दोनदा आपटला. माझ्या कारकिर्दीत दिग्दर्शकांनी मला केलेल्या सूचनांपैकी निम्म्या तरी या टकलाबद्दल होत्या. उरलेल्या निम्म्या ‘काका, जरा बाजूला, हिरो दिसत नाही’ अशा.

इचलकरंजीजवळच्या एका बंद सूतगिरणीच्या शेडमध्ये कोर्टाचा सेट लावला होता. वर पत्रे, बाहेर एप्रिलचं ऊन, अंगात काळा कोट आणि त्यावर झगा. पत्र्याखालच्या लोखंडी तुळयांवर पारव्यांनी संसार मांडले होते. संवादाच्या ऐन मध्यात ते घुमायचे, म्हणून एक माणूस लांब काठी घेऊन त्यांच्यासाठीच नेमला होता.

मी नरहर हुपरीकर. नाव सांगून तुम्हाला काही आठवणार नाही, चेहरा बघितला तर आठवेल. “अरे हा, हा तोच तो...” असं म्हणून लोक थांबतात आणि पुढचं त्यांना सुचत नाही. जज, डॉक्टर, इन्स्पेक्टर या तीन खात्यांत माझी आयुष्यभर बदली होत राहिली. जज म्हणून मी इतक्यांना जन्मठेप दिली की खरोखरीचे तुरुंग पुरले नसते. डॉक्टर म्हणून ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन चष्मा काढायचा आणि मान हलवायची. इन्स्पेक्टर म्हणून सगळं आटोपल्यावर जीपमधून उतरायचं. एकदा एका खऱ्या न्यायाधीशांनी मला लग्नात गाठून सांगितलं, “अहो, आपल्या कोर्टात हातोडा नसतो हो.” मी म्हणालो, “साहेब, माझ्या हातातला हातोडा काढला तर माझ्याकडं करायला काहीच उरत नाही.”

पण त्या दिवशी सूतगिरणीत मी जजच्या खुर्चीत बसलो होतो तो मनातून धुमसत. कारण त्या सिनेमात मी जज नव्हतोच मुळी. मी बाप होतो.

झालं होतं असं, की निनाद सबनीस नावाचा एक तरुण दिग्दर्शक सहा महिन्यांपूर्वी माझ्या घरी आला होता. सिनेमाचं रीतसर शिक्षण घेतलेला, पहिलाच सिनेमा करणारा, चहा न पिणारा. त्यानं मला गोष्ट ऐकवली. एका मुलाच्या हातून खून होतो आणि त्याचा बाप कोर्टात उभा राहून स्वतःच्या मुलाविरुद्ध साक्ष देतो. साक्षीचं भाषण ऐकून माझ्या अंगावर काटा आला. “काका, हे तुम्हीच करायचं,” निनाद म्हणाला. इतक्या वर्षांत मला कुणी ‘तुम्हीच’ म्हटलं नव्हतं. ‘तुम्ही पण चालाल’ इथपर्यंतच माझी मजल गेली होती.

मी दाढी वाढवली. भाषण पाठ केलं. उठता-बसता म्हणायला लागलो. आमची ही, सुलभा, पोळ्या करत असायची आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिच्यासमोर साक्ष द्यायचो. “साहेब, पहाटे दार मीच उघडलं...” शेवटी शेवटी ती लाटणं न थांबवता म्हणायची, “कळलं हो. पाणी तापलं असेल तर आंघोळीला जा.”

मग एक दिवस निनादचा फोन आला. “काका, छोटासा बदल झालाय. बापाची आई झालीय.”

“म्हणजे?”

“निर्मात्यांचं म्हणणं, आई असली की बायका येतात थिएटरात. तुमच्यासाठी मी जज राखून ठेवलाय.”

मी दाढी केली आणि जज झालो. दुसरं काय करणार? आतापर्यंत मला वाईट नटांनी मागं टाकलं होतं, देखण्या नटांनी टाकलं होतं, निर्मात्याच्या मेव्हण्यानंही टाकलं होतं. पण माझ्याच भूमिकेनं स्त्रीलिंगी होऊन मला टाकावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

आई करायला आल्या होत्या कलावतीबाई शिरोळकर.

बाईंना मी लहानपणी कंपनीच्या नाटकात बघितलं होतं. त्या काळी त्या राणी व्हायच्या. आता सत्तरीला टेकल्या होत्या, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा नऊवारीचा काठ, कपाळावरचं गोंदण आणि ती ताठ मान बघून शेडमधले सुतारसुद्धा गप्प झाले. स्वभावानं मात्र फटकळ. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशा ‘मी आलो, मी गेलो’ अशाच बोलायच्या. मला बघून म्हणाल्या, “काय नरहर, तू आज जज होय? मग मला लवकर सोड बाबा. ह्या उन्हात मी लई वेळ टिकत नाही.”

त्या दिवशी त्यांचं पहिलंच काम होतं, आणि सेट तेवढ्या एकाच दिवसासाठी मिळालेला असल्यानं सुरुवातच साक्षीच्या भाषणानं होणार होती.

“रिहर्सल घेऊ या ना एकदा?” बाईंनी विचारलं.

“नाही बाई,” निनाद म्हणाला. “मी रिहर्सल घेत नाही. ताजेपणा जातो. स्क्रिप्ट तुम्हाला पाठवलं होतं ना? मग सरळ टेकच.”

“मग कुणीतरी बाजूला उभं राहून शब्द देईल?”

“आपण आवाज इथंच रेकॉर्ड करतोय, बाई. मागून कुणी बोललं तर तेही येईल त्यात.”

बाईंनी मान हलवली. दिवे लागले, पारवे हाकलले, सगळं शांत झालं. मी उंच खुर्चीवरून शक्य तेवढं न्यायी तोंड करून बसलो.

“साहेब...” बाई म्हणाल्या. आणि थांबल्या.

“कट. काही हरकत नाही, बाई. पुन्हा.”

“साहेब, मी...” पुन्हा थांबल्या.

मग उजेड डोळ्यात यायला लागला. मग वहाण चावायला लागली. मग पारवा घुमला, जो मला तरी ऐकू आला नाही. मग पाणी हवं झालं. निनादची सहायक मृण्मयी कागद घेऊन पिंजऱ्यापाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाई, एकदा नजर टाकता का?” बाईंनी कागद घेतला, त्यावर नजर टाकली आणि परत दिला. “हां. कळलं.” आणि पुन्हा ‘साहेब’च्या पुढं गाडी हलेना.

मी वर बसून सगळं बघत होतो. खोटं कशाला बोलू, प्रत्येक ‘कट’ला माझ्या पोटात एक बारीकशी गुदगुली होत होती. ओठ मिटून मी ते भाषण आतल्या आत पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत होतो. एकदा तर इतका रंगलो, की कॅमेरामन म्हणाला, “जजसाहेब, ओठ हलतायत.”

जेवणाची सुट्टी झाली. निनादनं मला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“काका, बाईंना काही जमत नाहीये. वय झालंय बहुतेक. रीळ वाया चाललंय नुसतं. तुम्हाला ते भाषण अजून पाठ आहे?”

“आहे की,” मी म्हणालो. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणालो असेन.

“मी निर्मात्यांशी बोललोय. बाईंचा एकही सीन अजून झालेला नाही. आपण परत बाप करू. जज काय, आपण कुणालाही बसवू तिथं.” ते ‘कुणालाही’ मला लागायला हवं होतं, पण त्या क्षणी मला काहीही लागलं नसतं. “तुम्ही धोतर नेसून या. दाढी नाही तर नाही. बाईंशी मी बोलतो.”

“नको नको,” मी मोठ्या मनानं म्हणालो. “तू लहान आहेस. मी सांगतो त्यांना. मी जुना माणूस.”

रंगपटासाठी गिरणीचं जुनं ऑफिस दिलं होतं. वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवत गेलो. ‘बाई, तुमच्या तब्येतीपुढं सिनेमा काय मोठा आहे?’ हे एक. ‘मी तुमच्या पायाशी शिकलेला’ हे दुसरं, जे धडधडीत खोटं होतं. आत गेलो तर बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. समोरचं ताट तसंच होतं.

“ये,” त्या म्हणाल्या. “धोतर तिकडं खुंटीवर हाय बघ.”

माझी वाक्यं गळून पडली. “बाई, तुम्हाला कुणी...?”

“साठ वर्सं मी ह्या धंद्यात हाय. दिग्दर्शक बाजूला जाऊन कुणाशी बोलला की मला कळतं कुणाचं काय ठरलं ते.” मग त्यांनी दाराकडं बोट केलं. “आधी ते दार लावून घे.”

मी दार लावलं.

“नरहर, मला वाचता येत नाही.”

मला आधी वाटलं, चष्म्याबद्दल बोलतायत. “नंबर वाढला असेल, बाई.”

“नंबर न्हवं रे. अक्षरच येत नाही. सही करतो, तीसुद्धा चित्रासारखी.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “कंपनीत आलो तवा परकरात होतो. मास्तर तोंडानं सांगायचे, मी धरायचो. पुढं लगीन झालं. आमचे हे, दत्तोबा, पेटी वाजवायचे कंपनीत. त्यांनी मला रोज सकाळी वाचून दाखवायचं. नाटक असू दे, सिनेमा असू दे. ते वाचायचे, मी भाजी निवडायचो, आणि भाजी निवडून होईपर्यंत मला पाठ. कुणाला कधी कळलं नाही. दिवाळीच्या आधी ते गेले. त्यांच्या मागं हे पयलंच काम.”

मी एक स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो.

“वाटलं, हितं तालीम होईल,” त्या म्हणाल्या. “एकदा कुणी म्हटलेलं कानावर पडलं असतं तरी भागलं असतं. तर हा पोरगा म्हणतो ताजेपणा जातो. आता ताजेपणा म्हणजे काय असतो रे?”

“त्याला विचारायला हवं होतंत, बाई.”

“काय म्हणून विचारू? कलावती शिरोळकर अडाणी हाय म्हणून?” त्या हसल्या. “जाऊ दे. काम चांगलं हाय. तू चांगलं करशील. धोतर नेस. पण नेसायच्या आधी एक कर. मला एकदा ऐकव. मी काय करणार होतो ते मला कळू दे तरी.”

आता मला सांगा, नटाला कुणी असं म्हटलं तर नट काय करील? मी झगा नीट केला, खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि सुरू झालो. सहा महिने साठवलेलं सगळं बाहेर काढलं. आवाज खाली नेला, वर नेला, मधेच फोडला. पाण्याचं वाक्य आलं तिथं गुडघ्यावर बसलो. शेवटी खरंच डोळ्यांतून पाणी काढलं. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, असं माझं त्या वेळचं मत होतं.

बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मी थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“झालं?”

“झालं.”

“आता परत म्हण. आणि रडू नको मधे मधे. तू रडायला लागलास की मला ऐकू येत नाही.”

मी उठून उभा राहिलो. गुडघे झटकले.

“तू मला तुझा अभिनय सांगतोयस,” त्या म्हणाल्या. “मला नुसते शब्द सांग. आमचे हे वाचायचे तसं. वाण्यासमोर सामान सांगतात ना, साखर, पोहे, काड्यापेटी, तसं. पुढचं माझं मी बघतो.”

आधी जमेना. सवय वाईट असते. ‘पोरगं’ म्हणताना आवाज आपोआप कापायचा, आणि बाई हात वर करून थांबवायच्या. शेवटी मी भिंतीकडं तोंड केलं आणि सरळ, सपाट, काही न करता ते सगळं म्हणून टाकलं. म्हणता म्हणता मला जाणवलं, की हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकतोय. इतके दिवस मी फक्त स्वतःला ऐकत होतो.

मग बाई बोलायला लागल्या.

“साहेब, पहाटे दार मीच उघडलं. पोरगं उंबऱ्यावर उभं होतं, हात मागं लपवून. मी काही विचारलं नाही. चुलीकडं गेलो आणि पाणी तापत ठेवलं. त्यानं हात धुतले. पाणी लाल झालं. ते पाणी मी परसात पेरूच्या बुडात ओतून आलो. त्या झाडाचा पेरू त्यानंतर मी तोंडात घातला नाही, साहेब. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही विचारलं नसतंत, तर सांगितलं नसतं.”

एवढंच. आवाज कुठं चढला नाही, कुठं फुटला नाही. ‘गेलो’, ‘ओतून आलो’ हे बापाचे शब्द होते, मी पाठ केलेले. बाईंच्या तोंडी ते जन्मापासूनचे असल्यासारखे वाटले. आणि ‘पाणी लाल झालं’ म्हणताना त्यांनी नुसती स्वतःच्या हातांकडं नजर टाकली होती. मी तिथं गुडघ्यावर बसलो होतो!

खुंटीवर धोतर होतं. मी त्याच्याकडं बघितलं. त्याग वगैरे शब्द कृपा करून मनात आणू नका. त्यागाला लागणारं मोठेपण माझ्यात असतं तर ते एव्हाना कुणा दिग्दर्शकाला दिसलं असतं. मला फक्त एवढं कळलं, की हे ऐकल्यानंतर तेच भाषण कॅमेऱ्यासमोर म्हणायचं झालं, तर मला स्वतःचाच आवाज सहन होणार नाही.

“चला बाई,” मी म्हणालो. “कोर्ट उघडलं.”

“आणि धोतर?”

“मला धोतर शोभत नाही. पोटऱ्या बारीक आहेत.”

बाहेर निनाद वाटच बघत होता. “काका, तुम्ही अजून झग्यातच?”

“बाईंना ऊन लागलं होतं. आता बऱ्या आहेत. एक टेक घे.”

“काका, रीळ...”

“एकच. नाही जमलं तर मी उभा राहतो. आणि मीही नाही चाललो, तर पुढच्या सिनेमात मला जजसुद्धा देऊ नकोस.” ही धमकी म्हणून फार जोरदार नव्हती, पण माझ्याजवळ तेवढीच होती.

दिवे लागले. काठीवाल्यानं पारवे हाकलले. बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि सुरुवात केली.

मी ते भाषण शेकडो वेळा म्हटलं होतं. नुकतंच बाईंच्या तोंडून ऐकलं होतं. तरीसुद्धा त्या ‘साहेब’ म्हणाल्या, तेव्हा मला खरोखर वाटलं की ही बाई मलाच सांगतेय, आणि हिच्या पोराचं आता काय करायचं ते मलाच ठरवायचंय. इतक्या जणांना जन्मठेप दिलेला मी, त्या खुर्चीत पहिल्यांदा घाबरलो.

“...तुम्ही विचारलं नसतंत, तर सांगितलं नसतं.”

आता माझं वाक्य होतं. ‘साक्षीदाराला पाणी द्या. कोर्टाचं कामकाज उद्यापर्यंत तहकूब.’ अख्ख्या सिनेमात मला एवढंच मोठं वाक्य होतं. आणि ते माझ्या डोक्यातून साफ गेलं. पाणी म्हणायचं एवढं आठवत होतं, पण ते पाणी कुठलं, लाल की प्यायचं, हेच कळेना. तोंड उघडलं. बंद केलं. निनाद ‘कट’ म्हणेना. हातोडासुद्धा उचलवेना.

बाईंनी ते ओळखलं. माझ्याकडं बघत पदर सावरून त्या हळूच म्हणाल्या, “जाऊ का, साहेब?”

हे वाक्य कुठल्याच कागदावर नव्हतं. मी मान हलवली. त्या पिंजऱ्यातून उतरल्या आणि वळून न बघता चालत गेल्या.

“कट,” निनाद म्हणाला, पण बऱ्याच वेळानं. मग टाळ्या झाल्या. सुतार, लाइटवाले, काठीवाला, सगळे. निनाद धावत आला तो बाईंकडं गेला, तिथून माझ्याकडं. “काका, ते गप्प राहणं! काय सुचलं तुम्हाला ते!”

“अरे, मी विसरलो,” मी म्हणालो.

“मोठे लोक असंच म्हणतात,” तो म्हणाला.

सिनेमा आला. बाईंचं कौतुक झालं ते व्हायलाच हवं होतं. पण एका मोठ्या समीक्षकानं लिहिलं, की ‘न्यायाधीशाच्या मौनात संपूर्ण न्यायव्यवस्थेची हतबलता दिसते.’ माझ्या अभिनयाबद्दल छापून आलेलं हे पहिलं वाक्य. मी वाक्य विसरलो होतो हे मी सुरुवातीला सगळ्यांना प्रामाणिकपणे सांगत असे. कुणी विश्वास ठेवेना. विनयाचं श्रेयसुद्धा वर पदरात पडायला लागलं, तेव्हा सांगणं सोडून दिलं.

शूटिंग झालं त्या संध्याकाळी गाडीत बसताना बाईंनी काच खाली केली होती. “नरहर, उद्या सकाळी काय करतोयस? पुढच्या सीनला पाच पानं हायत म्हणे.”

तिथून ते जे सुरू झालं ते अनेक वर्षं चाललं. सकाळी चहा झाला की बाईंचा फोन. त्यांच्या भूमिकेचे कागद माझ्या पत्त्यावर यायचे आणि मी ते फोनवर वाचायचो. पलीकडं भाजी निवडली जात असायची. बाई मालिकांत जायला लागल्या तसा माझा व्याप वाढला. सासू, आत्या, गावची सरपंच, भुताटकीच्या मालिकेतली म्हातारी, सगळं मी वाचलं. एका मालिकेत त्या सुनेला फार छळायच्या. तेव्हा सुलभा आतून ओरडायची, “सकाळी सकाळी कुणाला मेली, अवदसा म्हणताय?” आणि तेही इतक्या थंडपणे की तिला जास्तच भीती वाटायची.

मी एकदा बाईंना म्हटलं, “मी शिकवतो तुम्हाला. महिनाभरात येईल वाचता.”

“शिकलो तर मग फोन कुणाला करू?” त्या म्हणाल्या. विषय संपला.

मला मात्र त्या वाचण्यानं एक खोड लागली. रोज सकाळी काही न करता बोलायचं, याची जिभेला सवय झाली, आणि ती दुपारी कॅमेऱ्यासमोरही सुटेना. “हुपरीकर, हल्ली तुम्ही काही करत नाही, बरं वाटतं,” असं एक दिग्दर्शक म्हणाला. मला आजोबांच्या भूमिका मिळायला लागल्या. एका मालिकेत तर चक्क मला पक्षाघात झाला आणि कित्येक भाग मी फक्त डोळ्यांनी बोललो. ते लोकांना इतकं आवडलं की लेखकानं मला बरंच होऊ दिलं नाही.

बाईंनी अट एकच घातली होती. “मी हाय तवर कुणाला बोलायचं नाही. मी गेल्यावर खुशाल सांग. म्हातारपणी तुलाबी काहीतरी सांगायला पाहिजेच की.” म्हणून आता सांगतोय.

त्या जायच्या आदल्या वर्षी सांगलीला त्यांचा मोठा सत्कार झाला. मानपत्र कुणी वाचायचं, हे बाईंनीच ठरवलं. संयोजकांनी कुणा मंत्र्याचं नाव सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, “माझं मानपत्र नरहर वाचणार. नाहीतर मी येत नाही.” मी गेलो. सभागृह भरलेलं होतं. मानपत्राची भाषा फार भारी होती, ‘रंगशारदेच्या चरणी’ वगैरे. ते मी साखर, पोहे, काड्यापेटी म्हणावं तसं वाचलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. वाचत असतानाच फोटो काढले गेले. वाचून झाल्यावर मी ते त्यांच्या हातात दिलं, आणि मी नेहमीच्या सवयीनं बाजूला झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा फोन आला. “पेपरात आलंय म्हणत्यात. वाच.”

मी वाचलं. सत्काराची बातमी, भाषणं, कोण कोण होते. बाई मधे मधे “हं” म्हणत होत्या. मग मी थांबलो.

“पुढं?” त्या म्हणाल्या.

“फोटो आहे.”

“फोटोखाली काय लिवलंय?”

मी घसा साफ केला. “सत्कार समारंभात कलावतीबाई शिरोळकर. शेजारी त्यांचे पती.”

इकडं सुलभानं माझ्या हातातला पेपर ओढून घेतला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी बाईंपेक्षा चांगला वीस वर्षांनी लहान होतो. माझा चेहरा ओळखीचा वाटला तरी नाव कुणाला सुचत नाही हे मला ठाऊक होतं, पण हे फारच झालं होतं.

“बाई, मी आत्ताच संपादकांना फोन लावतो,” मी म्हणालो. “उद्या दुरुस्ती छापायला सांगतो.”

भाजी निवडायचा आवाज थांबला होता.

“बाई?”

“कसा आलायस रे?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

“तू. फोटोत.”

मी सुलभाच्या हातून पेपर घेतला आणि नीट बघितलं. माझ्या हातात मानपत्र होतं, मान खाली, आणि बाई माझ्याकडं कान करून बसल्या होत्या.

“बरा आलोय,” मी म्हणालो.

“मग राहू दे की,” बाई म्हणाल्या. “पुढचं वाच.”

पुढं सोन्या-चांदीचे भाव होते. मी तेही वाचले.